कॉकट्रिस हा नेटहॅकमधला सगळ्यात सरळ राक्षस आहे

पाताळयंत्री (धागालेखक)

नेटहॅकचा विषय निघाला की एक तक्रार ठरलेली असते: इतकी छान चाललेली खेळी कॉकट्रिसने एका क्षणात संपवली, याला काय अर्थ आहे? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. 1987 पासून वाढत आलेल्या या खेळात कॉकट्रिसइतका सरळ वागणारा शत्रू दुसरा नाही.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तळघर अक्षरांनी काढलेलं असतं आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. पिवळा 'सी' दिसला तर तो कॉकट्रिस, तपकिरी 'सी' म्हणजे त्याचं पिल्लू चिकाट्रिस. लाल 'सी' हा पायरोलिस्क. तो जाळतो, दगड करत नाही. कॉकट्रिस हा कोंबडा आणि साप यांच्या मिश्रणातून झालेला युरोपी दंतकथांतला प्राणी. उघड्या कातडीने त्याला शिवलं की माणसाचा दगड होतो.

आता आकडे बघा. त्याचा वेग 6, तुमचा साधारण 12. त्याच्या चाव्याने जिवाचे जास्तीत जास्त 3 पॉइंट जातात. चाव्याबरोबर स्पर्शाचा वेगळा हल्ला असतो. तो लागला तर तीनात एकदा फूत्कार ऐकू येतो, आणि दहा फूत्कारांत सरासरी एकदाच दगड व्हायला सुरुवात होते. म्हणजे लागलेल्या 30 स्पर्शांत एक. तेव्हाही मरण लगेच येत नाही. आधी वेग मंदावल्याचा संदेश येतो, मग हातपाय आखडत असल्याचा. इथपर्यंत तुम्हाला हालचाल करता येते. तिसऱ्या संदेशाला हातपाय दगडाचे झालेले असतात आणि मग फक्त बघत बसायचं. पण त्या आधीच्या अवकाशात लिझर्डचं मढं खा, ॲसिड ब्लॉब या राक्षसाचं मढं खा, ॲसिडचं पोशन प्या किंवा प्रार्थना करा. चारांपैकी कुठलाही उपाय पुरतो.

तत्काळ मरण येतं ते फक्त आपल्या हाताने: हातमोज्यांशिवाय ठोसा, बुटांशिवाय लाथ, त्याचं मढं खाणं, मढं उघड्या हाताने उचलणं. यातलं काहीही तो करत नाही, आपण करतो. तलवारीने मारा, बाणाने मारा, काही होत नाही.

काजवा

पूर्ण असहमत. "आपण करतो" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण खेळाडू ते ठरवून करत नाही. सगळ्यात नेहमीचं उदाहरण घ्या. हातात एकच खंजीर आहे. समोर कॉकट्रिस आहे, अंतर आहे, म्हणून तो खंजीर फेकला. नेम चुकला. कॉकट्रिस शेजारच्या घरात (म्हणजे नकाशातल्या चौकटीत) आला. आता सवयीने त्याच्या दिशेची कळ दाबली, तर तो रिकाम्या हाताचा ठोसा धरला जातो. शांत राक्षसावर हल्ला करताना खेळ "खरंच?" म्हणून विचारतो, इथे विचारत नाही. थेट पुतळा.

दुसरं, आंधळेपण. डोळ्यांवर पट्टी आहे किंवा पिवळ्या प्रकाशाने डोळे दिपलेत, हातात मोजे नाहीत, आणि ज्या घरावर पाऊल टाकलं तिथे कॉकट्रिसचं मढं पडलेलं आहे. आंधळा माणूस जमिनीवर काय आहे ते चाचपून बघतो, म्हणून खेळ तुमच्या वतीने चाचपतो. संपलं. हे टाळायचं तर आधी 'एम' दाबून मग दिशा द्यायची, म्हणजे न चाचपता पाऊल पडतं. हा नियम नव्या माणसाला कुठून कळणार?

आणि तिसरं सगळ्यात वाईट: अमावस्या. खेळ संगणकाचं घड्याळ बघतो. त्या दिवशी सुरुवातीला सावध राहा एवढाच इशारा येतो, कशापासून ते सांगत नाही. प्रत्यक्षात होतं असं की जवळ लिझर्डचं मढं नसेल तर दहात एक ही सवलत रद्द होते. प्रत्येक फूत्काराला दगड व्हायला सुरुवात. तुमचे 30 स्पर्श एकदम 3 वर येतात. चांद्रमासाचे 8 भाग पाडून हिशोब केलेला असल्यामुळे ही 'अमावस्या' तीन-चार दिवस चालते, पंचांगातल्या तिथीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. याला सरळ वागणं म्हणत नाहीत.

पाताळयंत्री

अमावस्येचा मुद्दा मान्य. तो नियम मलाही आवडत नाही. पण तुलना कशाशी करायची? सोल्जर ॲंट ही मुंगी घ्या. वेग 18, एका चालीत दोन हल्ले, 2 ते 8 चा चावा आणि 3 ते 12 चा डंख. डंख लागला की आठात एकदा विष चढतं, आणि विष चढलं की तिसात एकदा जागच्या जागी मृत्यू. विषाला प्रतिकार नसेल तर 240 डंखांत एक असा हिशोब येतो. हा आकडा लहान वाटेल, पण त्याला मुदत नाही, संदेश नाही, प्रार्थनेला वेळ नाही. पळूनही जाता येत नाही, कारण मुंगी तुमच्या दीडपट वेगाची. कॉकट्रिसपासून चालत दूर जाता येतं.

रिकाम्या हाताच्या ठोशाबद्दल: ते टाळण्याचा उपाय पहिल्या दिवसापासून लावून घेता येतो. हातातलं मुख्य शस्त्र फेकायचंच नाही. फेकायचे खंजीर वेगळे, हातातलं हत्यार वेगळं.

सोनकी

दोघांनीही मारायचं कसं ते सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

अंतर राखून मारणं हा पहिला मार्ग. वेग निम्मा असल्याने एक फेक, एक पाऊल मागे, परत एक फेक असं चालतं. जुन्या 3.4.3 आवृत्तीत हे घड्याळासारखं नेमकं बसायचं. 3.6 पासून राक्षसांच्या चालीत थोडी अनिश्चितता घातली आहे, तेव्हा तो लागोपाठ दोनदा हलू शकतो. मध्ये दोन घरं मोकळी ठेवा. झोपेची कांडी असेल तर आधी ती, मग शस्त्राने मारा. जमिनीवर एल्बेरेथ हा राक्षसांना दूर ठेवणारा शब्द लिहिला तर तो त्याला मानतो, पण 3.6 मध्ये त्या घरावर उभं राहून शस्त्र चालवलंत की अक्षरं पुसली जातात, म्हणून ते दम घ्यायला वापरा, मारायला नको.

पाळीव कुत्र्या-मांजरावर विसंबू नका. दगड होण्याचा धोका असलेला पाळीव प्राणी कॉकट्रिसवर हल्लाच करत नाही, नुसता भोवती फिरतो.

सुरुवातीला मोजे फक्त तीन भूमिकांना मिळतात: नाइट, हीलर आणि माँक. माँक मोज्यांमुळे ठोसे मारू शकतो, पण त्याच्या पायात बूट नसतात, त्यामुळे लाथेची कळ अजिबात नको. हीलरकडे दगडाचं मांस करणारा मंत्रही पहिल्यापासून असतो, म्हणजे पाचवा उपाय. बाकी सगळ्यांनी पहिले मोजे सापडले की, शापित नाहीत एवढं बघून, लगेच घालावेत.

प्रार्थनेबद्दल एक अट लक्षात ठेवा. दगड होणं ही देवाच्या यादीत सगळ्यात वरची अडचण आहे, त्यामुळे प्रार्थनेचा काउंटर (पुढची प्रार्थना मान्य होईपर्यंत उतरत जाणारा आकडा) 200 च्या वर नसला की पुरतं. पण नशीब (हाही खेळातला एक लपलेला आकडा) उणे असेल तर प्रार्थना फसते, आणि 13 तारखेला शुक्रवार आला तर खेळ नशीब उणे करूनच सुरू होतो. त्या दिवशी प्रार्थना उपायांतून वजा करा.

ॲसिड ब्लॉबच्या मढ्यालाही एक खोच आहे. ते कितीही जुनं असलं तरी चालतं, पण ॲसिडला प्रतिकार नसेल तर खाताना 15 पर्यंत पॉइंट जाऊ शकतात. आधीच 10 वर असाल तर दगड व्हायचं टळेल आणि पोटातल्या ॲसिडने मराल.

रानवाट

धागा मारण्या-मरण्यातच अडकलाय. कॉकट्रिस सरळ आहे याचा खरा पुरावा त्याचं मढं. ज्या नियमाने तो तुम्हाला मारतो, तोच नियम तुम्ही उलटा वापरू शकता. मोजे घाला, मढं उचला, शस्त्र म्हणून हातात धरा. ज्याला लागेल तो तिथल्या तिथे पुतळा होतो, त्याचे पॉइंट कितीही असोत. वजन 30 च. ओग्र, ट्रोल, बराकीतले सैनिक, सगळे एका फटक्यात. ट्रोल मारल्यावर परत उठतो, पुतळा झाल्यावर उठत नाही.

वस्तू चोरणाऱ्या निम्फचं उदाहरण तर फार सुंदर आहे. हातात काही धरलेलं असताना निम्फला मोजे काढून नेता येत नाहीत, ती हातातली वस्तू नेते. हातात कॉकट्रिसचं मढं असेल तर ते उचलताना तीच दगड होते. असा सुसंगतपणा फार थोड्या खेळांत दिसतो.

निशाचर

मढं हातात घेऊन फिरण्याचा सल्ला नव्या माणसाला देऊ नका. मोजे तुम्हाला फक्त धरण्यापासून वाचवतात, पडण्यापासून नाही. खड्ड्यात पडलात, ट्रॅपडोअरमधून खाली गेलात, की पडताना मढं अंगाला लागतं आणि मोजे असूनही मरता. ओझं जास्त होऊन 'बर्डन्ड' दिसत असताना जिना उतरलात तरी तेच, कारण त्या स्थितीत माणूस जिन्यावरून गडगडतो. एखाद्याने मोजे नष्ट करणारा मंत्र टाकला, तरी तेच. हातात मढं असताना चुकून मोजे काढलेत, तर तेच.

शिवाय फायदा वाटतो तेवढा नाही. फटका लागावा लागतो, आणि मढं हे कसब वाढवता येण्यासारखं शस्त्र नाही; चांगलं चिलखत असलेल्या शत्रूवर फटके वाया जातात. झॉर्न, गार्गॉइल, पिवळा ड्रॅगन, भुतं, मेडुसा यांना काही होत नाही. गोलेमला मारलंत तर त्याचा स्टोन गोलेम होतो. मेलेल्याचं सामान पुतळ्यात अडकतं. ते काढायला कुदळ, फोर्स बोल्टचा मंत्र किंवा स्ट्रायकिंगची कांडी लागते. आणि साधारण 250 टर्नमध्ये मढं कुजून नाहीसं होतं, नेमकं लढाईच्या मध्ये.

रानवाट

यातल्या प्रत्येक गोष्टीवर इलाज आहे. खड्ड्यांची भीती असेल तर उडत किंवा तरंगत जा. ओझं आधी कमी करा. चालताना हातात नेहमीचं शस्त्र ठेवा आणि मढं सामानात. बराकीच्या दारात उभं राहिल्यावरच ते हातात घ्या. दारात उभं राहिलात की एका वेळी एकच सैनिक समोर येतो आणि तुम्हाला पाऊलही टाकावं लागत नाही, मग खड्डा येणार कुठून? जागा माहीत असेल तिथे आणि तेवढाच वेळ, हा नियम पाळला तर पडायचा प्रश्नच नाही.

काजवा

म्हणजे ज्याला हे सगळं आधीच पाठ आहे त्याच्यासाठी कॉकट्रिस सरळ. माझा आक्षेप तोच आहे. डंजन क्रॉल स्टोन सूप या याच जातीच्या दुसऱ्या खेळाने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथेही दगड होणं आहे, पण ते काही टर्नपुरतं. शरीर जखडतं, मग सुटतं. त्या मधल्या वेळात कोण मारतंय यावर मरण ठरतं. चूक केलीत तर किंमत मोजता, पण बाहेरचं वाचन नसलं तरी चूक समजते.

पाताळयंत्री

क्रॉलच्या दगडाला उलटं शस्त्र म्हणून हातात धरता येत नाही, हेही लिहा. नेटहॅकमध्ये कॉकट्रिस ही वस्तू आहे, स्पर्श आहे, अन्न आहे, अंडंही आहे; ते अंडं फेकून मारलं तरी समोरचा पुतळा होतो. धोका कापला तर हे सगळंही कापावं लागेल. अमावस्या काढून टाका, रिकाम्या हाताने मारताना एकदा विचारा, एवढे दोन बदल मी आनंदाने घेईन. बाकी हात लावू नये.

सोनकी

अमावस्येवरून एक राहिलं. त्या तीन-चार दिवसांत लिझर्डचं मढं पिशवीत ठेवलं असेल तर ते धरलं जात नाही, कारण खेळ फक्त वरचं सामान तपासतो. एरवीही ते वरच ठेवा. पिशवीतून काढायला एक टर्न जातो, आणि दगड व्हायला लागल्यावर हातात मुळात दोनच टर्न असतात. लिझर्डचं मढं कुजत नाही, वजन 10 च, आणि पहिल्या घासालाच गुण येतो. पूर्ण खाऊन होईपर्यंत थांबावं लागत नाही. सोळाव्या मजल्याच्या खाली कॉकट्रिसची अख्खी घरटी लागू शकतात. आतल्या पुतळ्यांत सामान असतं म्हणून तिथे जायचा मोह होतो. त्या दारातून आत जाण्याआधी एवढं तपासा: मोजे हातात, बूट पायात, लिझर्ड वरच्या सामानात, हातात शस्त्र.