एका रुग्णाची एक लस: आशा की चैन?

खडूस_काका:
आमच्या ग्रुपवर पुन्हा तेच, 'रशियाने कॅन्सरची लस शोधली, फुकट वाटणार'. लस म्हटलं की आपल्याला पोलिओचे थेंब आठवतात. बाटली एक, सगळ्या गावाला पुरते. ही तशी नाही हो. काढलेल्या गाठीतले जनुकीय बदल हुडकायचे (मॉडर्ना-मर्क या औषध कंपन्यांच्या लशीत जास्तीत जास्त ३४) आणि त्यावरून त्या एकट्यासाठी एमआरएनए लस करायची, म्हणजे ते बदल ओळखायला शरीराला शिकवणारा संदेश टोचायचा. शेजारच्या खाटेवरच्याला ती शून्य उपयोगाची. माझ्या मते ही श्रीमंतांची चैन.

मीठ_भाकर:
चैन कसली? त्याच लशीच्या मेलानोमावरच्या (त्वचेचा एक कॅन्सर) चाचणीत नुसत्या कीट्रूडापेक्षा (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढू देणारं औषध) लशीसकट कीट्रूडा घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी होता. तीन वर्षांच्या आसपास पुन्हा पाहिलं तर ४९.

खडूस_काका:
टक्के नकोत, माणसं सांगा. १५७! तीही दुसऱ्या टप्प्याची चाचणी. आणि मेलानोमा आपल्याकडे कितीसा? इथे गुटख्याने तोंडं गेलीत.

रातकिडा:
माझी आई स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, म्हणून न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाचं अशाच लशीवरचं काम मी दोनदा वाचलं. १६ रुग्ण. गाठ काढायची, नमुना जर्मनीत माइंझला पाठवायचा, साधारण नऊ आठवड्यांनी लस हातात. आठ जणांच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) जाग्या झाल्या. त्यांतल्या बहुतेकांचा आजार लवकर उलटला नाही. पण या सगळ्यांचं ऑपरेशन होऊ शकलं होतं. आईचं निदान झालं तेव्हा आजार यकृतात पोचला होता. नऊ आठवडे थांबायला ती होतीच कुठे? काका, तरीही 'चैन' हा शब्द मला टोचला.

खडूस_काका:
शब्द मागे घेतो. मुद्दा नाही.

मीठ_भाकर:
कार-टीलाही (रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देण्याचा उपचार) लोक हेच म्हणायचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३मध्ये मान्यता मिळाली. परदेशात कोटींत जाणारा उपचार इथे लाखांत आला.

खडूस_काका:
लाख म्हणजे चिल्लर नव्हे! शिवाय तिथेही प्रत्येकाच्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात, म्हणजे घाऊक स्वस्ताई नाहीच.

कडीपत्ता:
दोघे भांडा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी एचपीव्ही या विषाणूवरची लस पुण्यात सीरममध्येच बनते. ती कुणाकुणाच्या घरी दिलीत?

खडूस_काका:
धागा भरकटतोय. (नात अकराची आहे. सुनेशी बोलतो.)