चर्चा : शाळेत नशेची तपासणी करून मुलांना काढून टाकावे का?

सायनकर (धागाकर्ती) : आमच्या सोसायटीच्या सभेत मागणी झाली की शाळेने आठवीपासून मुलांच्या लघवीची तपासणी करावी आणि दोषी मुलाचे नाव पटावरून काढावे. माझा याला विरोध आहे. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत सॅन डिएगो येथे केलेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड अशा सात प्रकारांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या बालपणी घडले, त्यांच्यात मद्यासक्ती, मादक द्रव्यांचा गैरवापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, यांपैकी काहीही न सोसलेल्यांपेक्षा चार ते बारा पट आढळला. अशा मुलाला शाळेतून काढणे म्हणजे त्याला त्याच घरात दिवसभर बसवणे.

माटुंगा_पालक : ती पाहणी प्रौढांच्या आठवणींवर आधारलेली आहे आणि गटाचा धोका एकेका मुलावर चिकटवता येत नाही. आमच्या चाळीत दारुड्या बापांची कितीतरी मुले निर्व्यसनी निघाली. खरा प्रश्न पुरवठ्याचा आहे. एमडी (मेफेड्रोन हा मादक पदार्थ) २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले, तरी ते मिळतेच. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला नशा पुरवणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, ती आधी वापरा.

गोवंडी_मास्तर : पुरवठादाराला जरूर पकडा, परंतु मुले नशेसाठी हुंगतात ते पंक्चरचे सोल्यूशन विकणाऱ्याला कशासाठी पकडणार? केंद्राच्या २०१९ च्या अहवालानुसार हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मुलांत १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के आहे; मुले प्रौढांच्या पुढे असलेली ही एकमेव नशा. शिवाय सॅन डिएगोची ती माणसे आरोग्यविमा असलेली, बहुतेक सुस्थितीतली होती. तेव्हा सभेत कोणी ‘झोपडपट्टीचा प्रश्न’ म्हणाले असेल (म्हणतातच), तर त्याला हेही सांगा.

माटुंगा_पालक : मान्य. तरीही बाकावर शेजारी बसणाऱ्या माझ्या मुलाचे काय? दुःख समजून घेताना वर्गातील इतरांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. नशा वाटणारा मुलगा आणि नशा करणारा मुलगा यांना एकच वागणूक नको, इतपत मी मागे येतो.

सायनकर : हा भेद तपासणीने कळणार नाही, लघवी तपासण्याच्या नेहमीच्या पट्टीवर सोल्यूशन उमटतही नाही. अमली पदार्थविरोधी कायदासुद्धा कलम ६४अ खाली स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतो, मग शाळेने त्याहून कठोर का व्हावे? पुढच्या सभेत मी तपासणीच्या खर्चाऐवजी पूर्णवेळ समुपदेशकाची मागणी ठेवणार आहे.