हेवी गाड्यांच्या गॅरेजमधले पहिले दिवस: मेकॅनिक, हेल्पर, अप्रेंटिस सगळ्यांनी आपापलं सांगा

अठरा_एकोणीस
परवा ताईकडं बावड्याला जेवायला गेलतो. भाचा महिन्यापूर्वी अप्रेंटिस म्हणून लागलाय, ट्रक-टिपरचं वर्कशॉप, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडं. ताटात भाकरी, झुणका, खर्डा आणि हा पठ्ठ्या भाकरीला हात न लावता नुसता भात चमच्यानं खायलाय. ताई म्हणते काय रे, साहेब झालास व्हय? हा काय बोलेना, डावा हात मांडीखाली. मला लगेच कळलं. नखं. नखांच्या कडेला ती काळी रेघ पहिल्यांदा बसली की चारचौघांत हात कुठं ठेवू असं होतं. मी माझे दोन्ही हात ताटाशेजारी पालथे ठेवले, सत्तावीस वर्षांचं ग्रीस त्यात. बघून हसला, पण चमचा काय सोडला नाही.

मी लागलो १९९८ ला, शिरोलीच्या अलीकडं हायवेला. पहिले तीन महिने पाना फिरवायला नाही. तालमीत नवीन पोराला आधी हौद्यातली माती खोरायला लावतात तसं, डिझेलच्या ट्रेत नटबोल्ट धुवायचे, गिअरबॉक्सचं घर वायर ब्रशनं घासायचं, आणि वस्ताद गाडीखाली असले की बाहेर उकिडवं बसून राहायचं. त्यांचे फक्त पाय दिसायचे. खालून हात यायचा, "अठरा-एकोणीस." म्हणजे त्या मापाचा पाना दे. मी सोळा-सतरा ठेवला तर तो तसाच माझ्या नडगीवर यायचा. शब्द नाही, शिवी नाही, डायरेक्ट नडगी. दोन महिन्यांत अंधारात नुसत्या वजनावरनं पाना ओळखायला लागलो. अजून ओळखतो, बायको लाईट गेल्यावर परीक्षा घेते.

तर सांगा आपापलं.

पांढरा_रस्सा
नडगी 😂😂 आमच्याकडं टायर लिव्हर होती भावा, तू सुखात होतास

कळंबा_ट्रेड
हाताचं सांगतो भाच्याला. रॉकेल, डिझेलनं धुवू नको म्हणावं, आमच्या वेळी तेच करायचो, कातडी फाटून आत अजून काळं बसतं. तळहातावर चमचाभर गोडेतेल, त्यावर साखर, दोन मिनिटं चोळ, मग साबण. भुसा आणि निरमाचा जमाना गेला आता

पांढरा_रस्सा
साखर! कोल्हापूरात साखरेला काय तोटा. कारखान्याचा सभासद आहेस काय विचार भाच्याला

उलटा_आटा
नाव बघून काहींना कळलंच असेल 🙏 लागून पंधरा दिवस झालते, एक जुना ट्रक आला, मागचं डाव्या बाजूचं चाक उतरायचं. वस्ताद चहाला गेलते, म्हटलं येईपर्यंत नट ढिले करून ठेवतो, शाबासकी मिळेल. पाना लावला, हलेना. पाच फुटी पाईप घातला, हलेना. पाईपच्या टोकावर उभा राहिलो, उड्या मारल्या (वजन तेव्हा बेचाळीस किलो), जरा हलल्यासारखा वाटला, आनंद झाला, अजून जोरात उडी, आणि खटकन आवाज. स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, तुटला. म्हटलं गंजला असणार, दुसऱ्या नटावर गेलो. तोही गेला. तिसऱ्यावर चढलो तेवढ्यात वस्ताद आले, हातात कप, काही बोलले नाहीत, माझी मान धरून स्टडच्या तोंडाजवळ नेली. चिखल बोटानं पुसला. खाली एल अक्षर कोरलेलं. लेफ्ट. त्या गाडीला डाव्या बाजूचे आटे उलटे, चाक पुढं फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून, म्हणजे मी अर्धा तास उड्या मारून नट आवळत होतो 😭 दोन स्टडचे पैसे पगारातनं गेले, आठवड्याला दीडशे होता पगार. नाव मात्र फुकट पडलं, लग्नपत्रिकेवर छापायचं तेवढं राहिलं

शाहूपुरी_वाली
मी मेकॅनिक नाही, मेकॅनिकची बायको आहे, चालेल का इथं? लग्न होऊन आले तर दारातच सासूबाईंनी सांगितलं, त्याची डांगरी आपल्या कपड्यांत भिजवायची नाही, तिची बादली वेगळी. मी शहाणी, वॉशिंग मशीन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात डांगरी आत टाकली. खिशात दोन नट, एक वॉशर आणि अर्धवट तंबाखूची पुडी. मशीनचा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. नंतर महिनाभर घरातल्या पांढऱ्या कपड्याला नव्वद नंबरच्या ऑइलचा (गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल) वास, सासऱ्यांचं धोतर सुद्धा. पुढचं नंतर लिहिते, नळाला पाणी आलंय

अठरा_एकोणीस
चालतंय की वहिनी, बिनधास्त लिहा. आणि खिसे तपासायचं काम ह्यांचंच

पंप_लाईन
आमच्याकडं नवीन पोराची ठरलेली गंमत होती. डिझेल संपून गाडी बंद पडली की लाईनीत हवा धरते, ती काढावी लागते. फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, फीड पंपाचं हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा दट्ट्या) दाबत राहायचं, आधी फेस येतो, बुडबुडे थांबून सलग धार आली की बोल्ट आवळायचा. तर नवीन पोराला डबा देऊन सांगायचे, निघालेली हवा ह्यात धर, झाकण घट्ट लाव, मालकाला मोजून द्यायची आहे. मी धरली. झाकणाला सेलोटेप लावला. केबिनमध्ये नेऊन दिली. मालक पण तयारीचा, डबा कानाशी हलवून म्हणाला, "थोडी कमी दिसते, जा अजून घेऊन ये."

पांढरा_रस्सा
आणि तू गेलास 🤣

पंप_लाईन
गेलो की

डिझेल_ट्रेड_ची
मी आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड केला, वर्गात आम्ही दोघी. अप्रेंटिसला गेले तर गेटवरचे मामा म्हणाले रिसेप्शन पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहे बाळ. हातात सेफ्टी शूज बघून सुद्धा! पहिला आठवडा मला लॅपटॉपवरच बसवलं, स्कॅनर जोडून फॉल्ट कोड वाचायचे, कारण "मुलगी आहे, कॉम्प्युटर जमेल". २०२० च्या एप्रिलपासून सगळं बीएस सिक्स (धुराचे नवे नियम), युरियाची टाकी, सेन्सर, त्यामुळं स्कॅनर लागतोच, पण मला क्लच उतरायचा होता. शेवटी एका जुन्या मिस्त्रीनं बोलावलं, गिअरबॉक्सखाली जॅक लाव म्हणाला. घोडी (वजन तोलून धरायचा लोखंडी स्टँड) न ठेवता आत शिरायला लागले तर डांगरीची कॉलर धरून मागं ओढलं. "जॅक उचलायला असतो, धरायला नाही. धरायला घोडी." त्या दिवसापासून गाडीखाली जाताना आधी घोडीला लाथ मारून बघते.

अजून एक, नवीन पोरांनो, कॉमन रेलची (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतनं डिझेल देणारी) गाडी चालू असताना डिझेल कुठनं गळतंय ते हात फिरवून बघायचं नाही. हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, दिसणार पण नाही अशी धार कातडीतनं आत जाते, वरनं नुसता ठिपका दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. आणि इंजिन चालू असताना कुठला नट ढिला करायचा नाही.

कळंबा_ट्रेड
ताई एकदम बरोबर. आम्ही जुन्या पंपाच्या गाडीला चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा नट ढिला करून मिसिंग (कुठला सिलिंडर नीट चालत नाही ते) शोधायचो, ती सवय घेऊन जुने लोक नव्या गाडीला हात लावतात. जुन्यांना सांगायची पण सोय नाही

जुना_वस्ताद
सोय आहे की. सांगा. आम्ही ऐकून घेतो आणि मग तसंच करतो 😄 गंमत. साठी ओलांडली माझी, नातवाच्या फोनवरनं लिहितोय, चुकभूल. सहा सिलिंडरचं टॅपेट सेटिंग, एक पाच तीन सहा दोन चार हा सिलिंडर पेटायचा क्रम, रामरक्षेसारखं तोंडात बसलंय. पण स्कॅनरपुढं मीच आता पोऱ्या. नातू म्हणतो आजोबा कोड वाचा, मी म्हणतो आधी इंजिन ऐकू दे

हजार_वीस
हसण्यावारी चाललंय चांगलं आहे पण एक सांगतोच. लॉक रिंगवाली डिस्क, म्हणजे टायर जागेवर धरायला लोखंडी रिंग बसवलेलं चाक, आणि हजार-वीस मापाचा ट्रकचा टायर. मी सोळा वर्षांचा, नवीन. हवा भरताना चाकासमोर उकिडवा बसलो होतो, गेज बघायला. मिस्त्रीनं मागनं येऊन कानाखाली अशी काढली की मी बाजूला जाऊन पडलो. रडायलाच आलं, सगळ्यांसमोर, काही चूक नसताना. उठून भांडणार तेवढ्यात रिंग सुटली. पत्र्याच्या छताला भोक पाडून वर गेली. छत बारा फूट तरी होतं. रिंग नीट बसलीच नव्हती, खाचेत माती होती, आणि ती साफ करायचं काम सकाळी मला दिलेलं. त्यांनी परत विषय नाही काढला. चाक आडवं गाडीखाली ढकलून किंवा साखळी गुंडाळून हवा भरायची, माणूस बाजूला, लांब नळी, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे दाखवलं. ते भोक अजून आहे तिथं, पावसात खाली बादली ठेवतात.

शाहूपुरी_वाली
वाचून अंगावर काटा आला. ह्यांना विचारलं, म्हणतात "होतं असं कधी कधी." घरी येऊन हे काही सांगतच नाहीत बघा

महापूर_बॅच
माझं लागणंच महापुरात झालं. ऑगस्ट २०१९. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, दोन्हीकडं ट्रकच्या रांगा, दिवसच्या दिवस. गॅरेज बंद, मला वाटलं नोकरी गेली लागायच्या आधीच. पाणी उतरलं आणि जे काम आलं, बाप रे. क्रेननं ओढून गाड्या आणायच्या. पहिला नियम, सेल्फ (स्टार्टर) मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं की ते दबत नाही, पिस्टन वर जायला बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका ड्रायव्हरनं मारला होता सेल्फ, बिचाऱ्याला वाटलं चालू करून बघू. इंजिन उघडल्यावर रॉड असा झालेला, केळ्यासारखा.

माझं काम इंजेक्टर काढून झाल्यावर इंजिन हातानं फिरवायचं. इंजेक्टरच्या भोकातनं पाण्याची पिचकारी छताला जायची, पहिल्यांदा तोंडावरच आली. गढूळ, शेणाच्या वासाची. मग इंजिनच्या चेंबरचं ऑइल सोडायचं तर पाणी मिसळून खाली दुधाचा चहा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळीकडं चहा. मिस्त्रींनी क्राउनच्या (डिफरन्शियलच्या) घरावरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, दाखवला, करंगळीएवढा, गरम घर पाण्यात बुडालं की थंड होताना तिथनं पाणी आत ओढून घेतं. एकदा हबमधनं बारका मासा निघाला, खोटं वाटत असेल तर वाटू दे. महिनाभर रविवार नाही. मला तोवर वाटायचं गाड्या अशाच भरलेल्या येतात, कोरडं इंजिन पहिल्यांदा उघडलं दिवाळीत 😂

पांढरा_रस्सा
मासा तळला काय

महापूर_बॅच
नव्वद नंबरमध्ये 🙏

ऊसवाला_ड्रायव्हर
मी ड्रायव्हर, तुमचं गिऱ्हाईक. राधानगरी रोडला रात्री दोनला ट्रॉलीचं बेअरिंग गेलं, दोन ट्रॉल्या भरून ऊस, डिसेंबरची थंडी, मागं रांग लागलेली, शिव्या चालू. मिस्त्री आला मोटारसायकलवरनं, मागं एक पोरगं पाना-पिशवी घेऊन, तेरा-चौदाचं दिसत होतं, विचारलं तर म्हणालं अठरा पूर्ण. मिस्त्री झोपेत. सगळं काम पोरानं केलं, मिस्त्री बॅटरी धरून नुसता हं हं म्हणत होता. काम झाल्यावर पोरगं म्हणालं मामा दोन कांडी ऊस घेऊ काय. अख्खी मोळी घे म्हटलं. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि मला बिलात एक रुपया सोडत नाही

कळंबा_ट्रेड
धागाकर्त्यासाठी, भाच्याचं कॉन्ट्रॅक्ट अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदलंय का तेवढं बघा. नोंदणी असली तरच १९६१ च्या कायद्याप्रमाणं विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा देऊन सर्टिफिकेट. नुसतं "अप्रेंटिस म्हणून ये" म्हणून वर्षभर राबवून घेणारे आहेत. माझं वर्ष तसंच गेलं, काम शिकलो, कागद शून्य. पुढं मोठ्या ठिकाणी मुलाखतीला गेलो तर अनुभव कशावरनं म्हणाले. हात दाखवले. हसले.

अठरा_एकोणीस
बघतो लगेच, बरं झालं सांगितलंत. ताईला काय माहीत नसतं यातलं

डिझेल_ट्रेड_ची
कुणाकडं चांगला टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानं आवळायचा पाना) वापरलेला विकायचाय का? हेडबोल्ट मधनं सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळायचे हे शिकवलं पण रेंच एकच आणि तो मोठ्या मिस्त्रींच्या कपाटात. कपाटाला कुलूप

जुना_वस्ताद
ये बाळ उद्यमनगरात, माझा पडून आहे. पैसे नकोत. फक्त वापरून झाला की सेटिंग शून्याकडं सोडून ठेव, स्प्रिंग ताणलेली ठेवायची नाही

पांढरा_रस्सा
वस्ताद मी पण आलो असतो पण मला फुकट काय देणार. बरं बुधवार आहे, आज मटण कुठं, सांगा कुणीतरी

अठरा_एकोणीस
अपडेट. भाच्याला साखर-तेलाचं सांगितलं होतं. आत्ता ताईचा फोन, मलाच शिव्या. पोरानं चमचाभर नाही, वाटीभर घेतली, मोरीत मुंग्यांची रांग लागली आणि पाहुणे आलेत तर चहाला साखर नाही. नखं तशीच आहेत म्हणे.

कळंबा_ट्रेड
नखांना जुना टूथब्रश लागतो, तो सांगायचा राहिला