धागा: गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात तुम्हाला कोण आठवतं?

बाळीवेसची_लेक
काल वहिनीचं पार्सल आलं. शेंगाचटणी, कडक भाकरी, दोन डझन शेंगापोळ्या आणि सगळ्यात तळाला पेपरच्या पुडीत मूठभर अक्षता, मागच्या वर्षीच्या. मुलगी विचारायली मम्मी हे तांदूळ कुणाच्या लग्नातले, मग सांगत बसले की सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, भोगीला, संमती कट्ट्यापाशी, आणि अख्खं सोलापूर वऱ्हाडी असतं. सांगता सांगता घसाच दाटला.

आमचं जुनं घर मिरवणुकीच्या वाटेवर. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, पुढं सरकेपर्यंत ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची, निम्मी माणसं आमच्या ओळखीचीसुद्धा नसायची. अव्वा पहाटे चारला उठून बाजरीच्या भाकऱ्या थापायला बसायची, तीळ लावून. कोण किती जेवलं कधी मोजलं नाही तिनं.

एका वर्षी अक्कलकोटकडची एक म्हातारी रडत आली, गर्दीत नातवाचा हात सुटलेला. अप्पा आणि शेजारचे चाचा सायकली घेऊन निघाले, दत्त चौक, माणिक चौक सगळं पालथं घातलं. पोरगं सापडलं विजापूर वेशीत, एका बांगडीवाल्या भाभीजवळ रेवड्या खात बसलेलं. त्यानंतर ती म्हातारी दरवर्षी भोगीला हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी घेऊन यायची. दारात टेकवायची, पाणी प्यायची, अव्वाच्या तोंडावरून हात फिरवायची. नाव कधी विचारलं नाही आम्ही, डहाळेवाली आज्जीच म्हणायचो. मग एक वर्ष ती आली नाही. दुपारी एक मिसरूड फुटलेला पोरगा पेंडी घेऊन दारात उभा, म्हणला आज्जीनं सांगून ठेवलंय या घरी द्यायचं म्हणून.

तुमच्याकडं असं कोण आहे? लिहा ना.

होटगी_रोडकर
सकाळी सकाळी रडवलंस की अक्का. ऑफिसातनं लिहितो निवांत.

शेंगापोळी_फॅन
वहिनी शेंगापोळी विकत देतात का 🙏 माझी दरवेळी फुटते, कूट बाहेर

बाळीवेसची_लेक
विकत नाही गं, पण विचारून सांगते. कूट अगदी बारीक पाहिजे आणि गूळ मऊ, मग नाही फुटत.

होटगी_रोडकर
हां आता लिहितो. माझे वडील नंदीध्वज पेलायचे. लोकांना वाटतं ते चार दिवसाचं काम, तसं नाय, डिसेंबर लागला की रोज रात्री सराव चालू. कामावरनं यायचे, दोन घास खाल्ले की कमरेला पट्टा बांधून बाहेर. आम्ही पोरं थंडीत कानाला मफलर बांधून मागनं, आणि एवढी उंच काठी एकट्याच्या कमरेवर उभी हाय आणि आजूबाजूची आठ दहा माणसं हात पुढं करून डोळे वर लावून चालायलेत, तोल गेला तर धरायला. मला त्या पेलणाऱ्यापेक्षा ती हात पुढं केलेली माणसंच जास्त आठवतात. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला तीच होती सगळी, कुणाला फोन करावा लागला नाही. आता त्यातले दोघं तिघं राहिलेत, सत्तरीच्या पुढचे. बाराबंदी, यात्रेतला तो पांढरा अंगरखा, घातली की अजून ताठ उभे राहतात.

पूर्वभाग_अम्मा
खरंय दादा. आमच्यात संक्रांतीला दारात मोठा मुग्गू, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी काढतात, आम्ही तेलुगू, घरात चार यंत्रमाग होते तेव्हा. रात्री अकरानंतर गल्लीतल्या सगळ्या बायका रांगोळीचे डबे घेऊन रस्त्यावर, मागाचा खडखड बंद झालेला असायचा तेवढ्यापुरता, एवढं शांत वाटायचं की बांगड्यांचा आवाज यायचा. समोरच्या मराठी काकू आमच्याकडनं ठिपके शिकल्या आणि मला तिळगूळ त्यांनी शिकवला. पाक कसा बघायचा, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून. अजून तसाच करते. माग विकले, काकू मुलाकडं नाशिकला गेल्या. व्हिडिओ कॉलवर मुग्गू दाखवते त्यांना, त्या तिकडनं सांगतात तो तिसरा ठिपका चुकलाय बघ.

भुकेला_सोलापुरी
हुरडा कुठं चांगला मिळतोय यंदा? शनिवारी दहा जण जायचंय, मंगळवेढा साईड चालेल

होटगी_रोडकर
मंगळवेढ्याला कुणी शेतकरी ओळखीचा असला तर त्याच्याच शेतावर जा, मालदांडी ज्वारीचा खा. शेंगाचटणी आणि दही आपलं घेऊन जावा.

येळवस_वाला
हुरड्यावरनं आठवलं. आमच्या दक्षिण सोलापूर भागात गड्ड्याच्या आधी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. गाव रिकामं आणि शेतं भरलेली त्या दिवशी. डोक्यावर भज्जीचं, म्हणजे मिसळ भाजीचं भांडं, आंबिलाचा डेरा, बाजरीचे उंडे, कडब्याच्या खोपीत पांडवं म्हणून दगड मांडायचे, पूजा झाली की वाटनं जाणाऱ्याला हाका मारून बोलवायचं. हाक मारलेल्या माणसानं न जेवता जायचं नाही. माझ्या चुलत्यांचं आणि वडिलांचं बांधावरनं सहा वर्ष बोलणं नव्हतं. सहाव्या येळवसला आज्जीनं चुलत्याला त्याच बांधावर उभं राहून हाक मारली. ये रे जेवायला, एवढंच. आला. दोघं भाऊ एका पत्रावळीला बसले, एक शब्द नाही बोलले पण आंबील वडिलांनीच वाढलं. त्या दिवशी आज्जी नुसती बघत बसलेली, जेवलीच नाही.

नाईट_ड्युटी
वाचते आहे सगळं, वॉर्डात जरा शांत आहे म्हणून. मी ख्रिश्चन आहे, सोलापूरचीच. आमच्याकडं नाताळचा फराळ असतो, करंज्या चकल्या अनारसे सगळं, केक वेगळा. आई असताना 24 तारखेला ताटं भरून चाळीत वाटायला मी जायचे आणि दिवाळीला त्याच ताटांतून परत फराळ यायचा, रिकामं ताट कधी आलं नाही. आई गेली त्या डिसेंबरला मी काहीच केलं नव्हतं, ड्युटी मागून घेतली होती. पहाटे घरी आले तर दारात पाच डबे. एकीनं करंज्या, एकीनं चिवडा, आणि शिंदीण काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा केक केलेला, कुकरमध्ये, एका बाजूला करपलेला. तसा केक मी परत कुठं खाल्ला नाही. बेल वाजली, जाते.

पूर्वभाग_अम्मा
बाळा जप. रात्री काहीतरी गरम खात जा.

चार_पुतळा_चौक
आमच्याकडं गड्ड्याचे दिवस सुरू होतात ते 12 जानेवारीपासनं. आजोबा गिरणी कामगार. त्या दिवशी आम्हा नातवंडांना घेऊन चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जायचे आणि नावं म्हणून घ्यायचे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1931 ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी. म्हणायचे बघा, चार घरची चार पोरं, आणि गेली एकत्र. मग तिथनं पाव चटणी खायला घालून गड्ड्यावर. पाळण्यात मी आजोबांचा शर्ट एवढा घट्ट धरलेला की वरचं बटन तुटलेलं. मागच्या महिन्यात त्यांची पेटी उघडली, त्यात ते बटन सापडलं, कागदात गुंडाळून, वर पेन्सिलीनं माझं नाव.

शेंगापोळी_फॅन
😭😭

भुकेला_सोलापुरी
मी हुरडा विचारायला आलतो आणि तासभर इथंच आहे. आता आजोबांना फोन लावतो.

नवी_सून_जुनं_घर
पहिल्यांदाच लिहितेय. सासरे गेले ऑगस्टमध्ये. यंदा भोगी करायची का नाही यावर घरात कुणी बोलत नाही. ते भाजीचं सगळं स्वतः आणायचे, पावटा, सोलाणे, बोरं, गाजर, उसाचं कांडं, एकेक निवडून, आणि मंडईतनं येईपर्यंत ओळखीच्या चार घरात थोडं थोडं देऊन पिशवी निम्मी करून यायचे. सासूबाई चिडायच्या. काल त्याच सासूबाई म्हणल्या, यंदा आपल्यात सण नाही पण पिशवी तर भरून आण, त्या चार घरात द्यायला. मी निघालेय मंडईत. काय विसरू नये ते सांगा.

बाळीवेसची_लेक
तीळ, शेंगदाणे, घेवडा, वांगी काटेरी बघून घे. आणि एक पिशवी जास्त ठेव, पाचवं घर निघतं कुठनं तरी.

येळवस_वाला
ताई पावटा कोवळा बघा, दाणा दाबून.

कोरोनातला_गड्डा
2021 ला गड्डा भरला नव्हता, संचारबंदी. अक्षता टीव्हीवर बघितल्या. शेजारच्या गच्च्यांवर सगळे उभे, आणि अक्षतांच्या वेळचं सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम ऐकू आलं तसं सगळ्यांनी एकमेकांच्या गच्चीकडं तांदूळ टाकले. खाली रस्त्यावर पोलीस होते, त्यातल्या एकानं टोपी काढून हात जोडले. एवढंच आठवतं.

होटगी_रोडकर
अक्का एक राहिलं. तुमचं जुनं घर विकलं ना? मग तो डहाळेवाला पोरगा?

बाळीवेसची_लेक
विकलं हो. अप्पा गेल्यावर. अव्वा आता दादाकडं, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं संपलं ते. पहिल्याच भोगीला दुपारी बेल वाजली, वहिनीनं दार उघडलं तर तो, खांद्यावर पेंडी, घामाघूम, लिफ्ट बंद होती. जुन्या घराखालच्या किराणावाल्याकडनं पत्ता काढलेला. आता त्याचंच लग्न झालंय, बायको पण आलती बरोबर. अव्वाला माणसं नीट ओळखू येत नाहीत, मला पण कधी कधी वहिनी समजते. त्याच्याकडं बघितली बराच वेळ, आणि म्हणली, सापडलास काय रे. जेवून जा.

पूर्वभाग_अम्मा
जुळे सोलापुरात कुठं? माझी लेक तिथंच राहते. भोगीला अव्वाकडं जाऊन येईन, मेसेज कर.