मदत हवी आहे: ग्रुपला पाठवलेला मेल काहींनाच पोचतो

टेकडीकर:
मंडळी, आमचा पुण्यात पक्षी बघणाऱ्यांचा एक जुना ग्रुप आहे. शनिवार-रविवारी कोणी पाषाण तलावावर जातं, कोणी वेताळ टेकडीवर, कोणी कवडीला. काय दिसलं ते एका सामाईक ईमेल पत्त्यावर लिहायचं, की तो मेल सगळ्या सभासदांना जातो. सर्व्हर एका संस्थेतला, त्यावर मेलमॅन (ग्रुपचे मेल वाटणारं सॉफ्टवेअर), आणि ते सगळं सांभाळणारे आमच्यातलेच एक निवृत्त काका.

हल्ली माझे मेल बऱ्याच जणांना मिळत नाहीत. तलावावर एका मैत्रिणीने विचारलं, "लिहायचं सोडलंस का गं?" तेव्हा मला कळलं. मेल परत आल्याचं कुठलंही पत्र मला येत नाही. स्पॅममध्ये नाही, हे दोघींनी बघून सांगितलं. बाकीच्यांचे मेल व्यवस्थित फिरतायत. (दोघातिघांची तक्रार आहे की त्यांना आता कोणाचेच मेल येत नाहीत, पण ते वेगळं प्रकरण असावं.) मी ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिते. डोमेन आमचं स्वतःचं, मेल गूगल वर्कस्पेसवर (कंपन्यांसाठीचं जीमेल). गंमत म्हणजे ग्रुपकडून माझा मेल मलाही दिसत नाही.

"व्हॉट्सअॅपवर या" हा सल्ला कृपया नको. कवडीला चक्रवाक मागच्या काही हिवाळ्यांत कधी कधी आले, हे तिथे शोधून दाखवा आणि मग बोला.

पेठकरी:
व्हॉट्सअॅपवर या. (राहवलं नाही.)

तांबट:
आधी मेल कुठे अडकतो ते बघू. ग्रुपचं आर्काइव्ह (जुन्या मेलचा साठा) असेल तर त्यात तुमचे मेल आहेत का? नसतील तर ते ग्रुपच्या दारातच थांबलेत. सभासद म्हणून नोंदवलेला पत्ता एक आणि पाठवताना वापरलेला दुसरा, असं झालं की मेल काकांच्या मंजुरीसाठी पडून राहतो. फोटो जोडले तरी तेच, कारण मेलमॅनची मूळ मर्यादा फक्त ४० केबी आहे आणि हल्लीचा एक फोटोसुद्धा तीत बसत नाही.

तुमचाच मेल तुम्हाला दिसत नाही, त्यावरून काही ठरवू नका. जीमेल आणि वर्कस्पेस स्वतः पाठवलेल्या मेलची ग्रुपवरून आलेली प्रत इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाहीत. मेसेज आयडी (मेलचा ओळखक्रमांक) तोच असतो, म्हणून 'सेंट'मधली प्रतच पुरेशी धरतात. या एका गोष्टीपायी लोक तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवतात.

टेकडीकर:
आर्काइव्हमध्ये सगळे आहेत. फोटो मी जोडत नाही. तुम्ही विचारल्यावर यादी तपासली: ज्यांना मिळत नाही ते सगळे जीमेलवाले. कॉलेजचा किंवा कंपनीचा पत्ता दिलेल्या काही जणांना मिळतोय.

सर्व्हरघाशा:
म्हणजे ग्रुपने मेल घेतला, पुढे पाठवला, आणि तिथे नाकारला गेला. तुमच्या डोमेनवर हल्ली कोणी डीमार्क (तुमच्या नावाने येणारे खोटे मेल अडवायची सोय) बसवलंय का?

टेकडीकर:
हो! आमची बिलं क्लायंटच्या स्पॅममध्ये जात होती. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूचे नियम कडक झालेत, असं सांगून आमच्या कॉम्प्युटरवाल्याने एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं एकदम करून दिलं. आता बिलं नीट पोचतात. डीमार्कच्या नोंदीत 'पी' (म्हणजे धोरण) समोर 'रिजेक्ट' लिहिलंय.

सर्व्हरघाशा:
मग कारण तेच. बसवलंय ते बरोबरच आहे, फक्त ग्रुपशी त्याचं जमत नाही.

'रिजेक्ट'चा अर्थ असा: आमच्या नावाने आलेला मेल आमचाच आहे हे सिद्ध झालं नाही, तर घेऊ नका. सिद्ध करायचे मार्ग दोन. एसपीएफ बघतं की मेल पाठवणारा सर्व्हर परवानगीच्या यादीत आहे का. इथे शेवटचा सर्व्हर संस्थेचा आहे, आणि तो मेल पाठवतो स्वतःच्या परतीच्या पत्त्यावरून. एसपीएफ पास झालं तरी ते संस्थेच्या डोमेनसाठी, आणि 'प्रेषक' म्हणून नाव तुमच्या ऑफिसचं. डीमार्कला ही दोन्ही डोमेनं जुळायला हवीत. दुसरा मार्ग डीकिम. ती सही मेलच्या मजकुरावर आणि विषयासकट काही शीर्षकांवर केलेली असते. तुमचा ग्रुप विषयाआधी चौकटी कंसात नाव घालतो का? खाली सभासदत्वाच्या लिंकची तळटीप जोडतो का? यातलं एक केलं तरी सही मोडते. दोन्ही मार्ग बंद, म्हणून जीमेल तुमच्याच डोमेनची आज्ञा पाळून मेल नाकारतं. ज्या सर्व्हरांना डीमार्कचं सोयरसुतक नाही, ते घेतात.

नकाराचं पत्र तुम्हाला येत नाही, कारण ते ग्रुपच्या परतीच्या पत्त्यावर जातं. काकांना बाउन्सच्या (नाकारून परत आलेल्या मेलच्या) नोंदी बघायला सांगा. ५५० ५.७.२६ हा जीमेलचा नकाराचा आकडा सापडला तर शंकाच उरणार नाही.

आणि त्या दोघातिघांचं प्रकरण वेगळं नाही. मेलमॅन प्रत्येक नकार ज्याला मेल जायचा होता त्याच्या खात्यावर मांडतो. मूळ सेटिंगमध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ गुण, ५ झाले की त्या सभासदाचे मेल बंद. ७ दिवस नकार आला नाही तर हिशेब पुन्हा शून्यापासून. हंगामात तुम्ही जवळजवळ रोज लिहीत असाल, तर बिचारे जीमेलवाले भराभर पाचावर पोचतात.

पेठकरी:
म्हणजे लिहिणार या, आणि नाव कटणार वाचणाऱ्यांचं.

टेकडीकर:
बापरे. विषयात कंसात नाव येतं, तळटीपही आहे. मग ऑफिसमध्ये सांगून ते 'रिजेक्ट' काढून टाकू का?

सर्व्हरघाशा:
नको. पक्ष्यांच्या ग्रुपसाठी ऑफिसच्या नावाने खोटी बिलं पाठवणाऱ्यांना रान मोकळं कशाला करायचं? दुरुस्ती ग्रुपच्या बाजूने करा. मेलमॅन २.१.१८ किंवा त्यापुढचा असेल तर प्रायव्हसी ऑप्शन्समध्ये सेंडर फिल्टर्स उघडा. तिथे डीमार्क मॉडरेशन अॅक्शन आहे, ते 'मंज फ्रॉम' करा. मेलमॅन ३ असेल तर डीमार्क मिटिगेशन्स नावाचं वेगळं पानच आहे. त्यानंतर प्रेषकाच्या जागी ग्रुपचा पत्ता येतो आणि नाव 'अमुक व्हाया ग्रुप' असं दिसतं. ज्यांच्या डोमेनवर कडक धोरण आहे, बदल फक्त त्यांच्याच मेलना लागतो.

तोवर घाई असेल तर साध्या जीमेल पत्त्यावरून सभासद व्हा. जीमेल डॉट कॉमचं स्वतःचं धोरण 'नन' (म्हणजे काही अडवू नका) आहे, तिथून लिहिलेलं अडणार नाही.

तांबट:
हे दुखणं जुनं आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने 'रिजेक्ट' लावलं तेव्हा जगभरच्या ग्रुपांत हाच गोंधळ उडाला होता. मेलमॅनमध्ये ही सोय त्यानंतरच आली. काकांना सांगा, त्यांच्या हातून काही बिघडलेलं नाही. सर्व्हर सांभाळणारी माणसं अशा फोनने आधी चिडतात, असा माझा अनुभव आहे.

टेकडीकर:
काकांशी बोलले. चिडले नाहीत, उलट नोंदी उघडून मलाच वाचून दाखवल्या. ५५० ५.७.२६ ची रांगच्या रांग! सेटिंग बदललं. आज सकाळचा पाषाणचा मेल दोन जीमेलवाल्या मैत्रिणींना मिळाला. नावापुढचं 'व्हाया' काकांना आवडलेलं नाही, पण चालवून घेतील. ज्यांना कोणाचेच मेल येत नव्हते ते मात्र अजून कोरडेच आहेत. त्यांना पुन्हा सभासद करायचं का?

सर्व्हरघाशा:
गरज नाही. मेंबरशिप मॅनेजमेंटच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'नोमेल'ची खूण असेल आणि शेजारी चौकटी कंसात 'बी', म्हणजे बाउन्समुळे बंद. ती खूण काढून सेव्ह करायचं. घाई करा, कारण मूळ सेटिंगमध्ये ७-७ दिवसांनी ३ सूचना जातात आणि मग नाव यादीतूनच जातं. त्या सूचनेत चालू करायची लिंकही असते, पण ते इंग्रजी पत्र बहुतेकांनी न वाचताच उडवलं असणार.

टेकडीकर:
काकांना निरोप दिला. यादीत अशी 'बी' बरीच निघाली, त्यांत काकांचं स्वतःचं जीमेलही आहे.