बुद्धिबळ आवडतं, पण हरलो की दिवसच खराब जातो. काय करू?

वय 36. लहानपणी बाबांनी घोड्याची अडीच घरं शिकवली होती, मग वीसेक वर्षं पटाला हातसुद्धा लावला नाही. 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला वर्ल्ड कप जिंकला आणि परत नाद लागला. आता रोज रात्री लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर तीन-तीन मिनिटांचे ब्लिट्झ डाव खेळतो, एक हरलो की तो भरून काढायला दुसरा, मग तिसरा, एक वाजतो, रेटिंग 150 ने खाली आणि झोप गेलेली. खेळ सोडायचा नाहीये, पण मजा कुठे गेली तेच कळत नाही. तुमचं असं झालंय का?

प्रतिसाद 1
ब्लिट्झ बंद करा आधी. तीन मिनिटांत तुम्ही विचार करत नाही, फक्त सवयीने चाली करता, आणि सवयी अजून कच्च्या आहेत. 15+10 चा (15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद जादा) एकच डाव खेळा. हरलात तर लगेच इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावू नका, आधी स्वतः शोधा कुठे बिघडलं ते. मी परवा हत्ती शेवटच्या रांगेतून उचलून एक प्यादं खायला नेला, राजापुढची तिन्ही प्यादी जागच्या जागी, समोरच्याचा हत्ती खाली आला आणि मात. ती चाल मला स्वतःला सापडली तेव्हा हरल्याचं काही वाटलं नाही, उलट त्यानंतर दोन डावांत मीच तशी मात दिली.

प्रतिसाद 2
वरच्यांशी सहमत. पण रेटिंगचा आकडा सेटिंगमधून लपवता येतो तो लपवाच, मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. आणि थोडा एंडगेम, म्हणजे मोजकीच मोहरी उरतात तो शेवटचा टप्पा, करा हो, कंटाळवाणा वाटतो पण तसा नाहीये. समोर नुसता राजा उरला असेल आणि आपला राजा आपल्या एकुलत्या प्याद्याच्या बरोबर पुढे सहाव्या रांगेत पोचला की (कडेचं प्यादं सोडून) चाल कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. हे एकदा हाताने मांडून बघितलं ना, की डावात ती स्थिती यावी म्हणून वाट बघायला लागतो माणूस.

प्रतिसाद 3
बाबा आहेत ना? मग त्यांच्याशी खेळा, लाकडी पटावर. समोर माणूस असला की हरल्यावर "अरे इथे उंट का नाही मारलास" असं बोलणं होतं, स्क्रीनवर ते होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. आकडा लपवला. बाबांना आत्ताच फोन केला, रविवारी पट काढून ठेवतो म्हणाले, एक काळा घोडा हरवलाय, त्याच्या जागी बाटलीचं झाकण चालेल का विचारत होते.