नॅनोकणांतून जनुक थेट कर्करोगाच्या पेशीत: जळगावात बसून यावर काम करावं का?

तापीकाठ (जळगाव)
मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. आमच्या एम.फार्म.च्या मुलांनी प्रकल्पासाठी विषय निवडलाय: पी-५३ हे जनुक नॅनोकणांत भरून तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत पोचवायचं. स्टाफरूममध्ये ऐकून घ्यावं लागलं, "जळगावात बसून कसले हे प्रकल्प? गोळ्या-कॅप्सूलचं काहीतरी द्या त्यांना." मला हे अजिबात पटलेलं नाही.

पी-५३ बिघडलेल्या पेशीची वाढ रोखतं, वेळ आली तर तिला मरायला लावतं. तोंडाच्या कर्करोगात ते पुष्कळदा निकामी झालेलं असतं. चांगली प्रत आत पोचवायची, एवढीच कल्पना. पण उघडं जनुक रक्तात सोडलं की त्याचे लगेच तुकडे होतात, आणि ऋणभारामुळे ते पेशीच्या पडद्यातून आत जात नाही. म्हणून आधी विषाणू वापरून पाहिले. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अशाच एका चाचणीत दगावला, तेव्हा सगळे हबकले.

स्निग्ध पदार्थांचे, साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे केसापेक्षा शेकडो पट बारीक कण ही दुसरी वाट. पेशी कण गिळते तेव्हा तो आधी एका पिशवीत अडकतो. पिशवी आंबट होत जाते, तशी कणातल्या लिपिडावर (स्निग्ध पदार्थावर) धनभार येतो, पिशवीचा पडदा फाटतो आणि माल बाहेर पडतो. २०१८ मध्ये पॅटिसिरान या औषधाला याच तंत्रावर मान्यता मिळाली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची कोविडवरची एमआरएनए (जनुकाची तात्पुरती नक्कल) लस २०२२ मध्ये आली, तीही स्निग्ध पदार्थांच्याच सूक्ष्म थेंबांच्या मदतीने. पुण्याला जमतं ते जळगावच्या मुलांनी शिकायचंच नाही का?

वॉर्ड_सिस्टर (धुळे)
सर, पॅटिसिरान कर्करोगाचं औषध नाही. ते यकृतावर काम करतं, आणि रक्तात सोडलेले असे कण जास्त करून यकृतातच जाऊन बसतात. गाठीपर्यंत पोचवणं ही निराळीच गोष्ट. १० वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचले किती? मध्यक (सगळ्या प्रयोगांतला मधला आकडा) ०.७ टक्के! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहेत. आणि पोचले त्यांतलेही थोडेच त्या पिशवीतून सुटतात.

माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा त्याच्या तोंडात दोन बोटं उभी जात नाहीत. गालाची आतली बाजू पांढरीफटक, दोरीसारखी ताठ झालेली. गुटखाबंदी २०१२ ची, पण पुड्या अजून मिळतात. पांढरा चट्टा दिसला तेव्हाच कोणी तोंड उघडून बघितलं असतं, तर यातले कितीतरी लोक लहानशा ऑपरेशनवर घरी गेले असते. गावोगाव टॉर्च घेऊन तोंडं तपासणारी माणसं आधी हवीत. पैसा आणि हुशार मुलं, दोन्ही तिकडे लावा.

पऱ्हाटी (यावल)
सरभाऊ, सिस्टरची बात खरी शे. माझी शंका वेगळी आहे. बीटी कापूस २००२ ला आला. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, हे मी नाकारत नाही. पण पुढे गुलाबी बोंडअळीनं त्याला दाद दिली नाही, आणि २०१७ ला लोकांनी उभ्या पऱ्हाट्या उपटल्या. गाठीच्या पेशीही अशाच निर्ढावल्या तर? आणि माणसात घातलेलं जनुक त्याच्या लेकरांत उतरणार नाही याची हमी कोण देणार?

तापीकाठ
दादा, बीटीचं जनुक बियाण्यातच असतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या जातं. इथे ते गाठीच्या पेशींत जाईल अशी रचना असते. एमआरएनए तर थोड्या दिवसांत विरून जातं. तरी बीजपेशींत (शुक्रपेशी, अंडपेशी) काही गेलं का, हे चाचण्यांत तपासावंच लागतं, तुमचा प्रश्न योग्य आहे. निर्ढावण्याचं म्हणाल तर ते होतंच. गाठीतल्या सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. म्हणून हा उपचार एकटा नाही, केमो किंवा रेडिएशनच्या जोडीनेच द्यायचा असतो.

सिस्टर, ०.७ चा आकडा बरोबर आहे. पण तो शिरेतून दिलेल्या कणांचा. तोंडातली गाठ डोळ्यांना दिसते, सुई थेट तिच्यात टोचता येते. यकृताचा फेरा पुष्कळसा टळतो. हाच कर्करोग निवडण्यामागे हेच कारण आहे.

वॉर्ड_सिस्टर
आणि मानेतल्या गाठींचं काय? फुप्फुसात गेलेल्यांचं? आमच्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या मानेत गाठी आधीच पसरलेल्या असतात. तिथे सुई कुठे कुठे टोचणार?

मुंबईवारी (भुसावळ)
वडिलांना घेऊन परळला टाटा रुग्णालयात खूप खेपा झाल्या, दादरच्या धर्मशाळेत राहिलो. मी सरांच्या बाजूने आहे, पण एका रागाने. अण्णांच्या आजारपणात एकाने "नॅनो औषध" म्हणून आम्हाला एक बाटली विकली. आईने पाटली मोडली त्यासाठी. त्या चार महिन्यांत केमो लांबली. तेव्हा मला कोणी समजावून सांगितलं असतं की खरं नॅनो औषध बाटलीत घरपोच मिळत नाही, तर? जळगावात यातलं कळणारी माणसं हवीत ती यासाठी.

खर्चाचंही बोला. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या जनुक-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेपेक्षा कितीतरी स्वस्त, तरी किंमत लाखांत. शेतमजुराला ते कसं झेपणार?

प्रयोगवही
मी सरांच्या त्याच प्रकल्प-गटातली विद्यार्थिनी. आमच्याकडे होणार ते एवढंच: कण बनवायचे, त्यांचा आकार आणि भार मोजायचा, जनुक कणात नीट बांधलं गेलंय का ते जेलवर (विजेच्या जोरावर रेणू ज्यातून सरकतात त्या लिबलिबीत थरावर) बघायचं. सुटं जनुक जेलमध्ये पुढे सरकतं, बांधलेलं खाचेतच अडकून राहतं. पुढे बाहेरून आणलेल्या पेशींवर चाचणी. धनभार जास्त झाला तर निरोगी पेशीही मरतात, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पेशी लागणार. सर, शीर्षकातला "उपचार" हा शब्द काढू या. आम्ही उपचार करत नाही आहोत.

तापीकाठ
काढतो.

वॉर्ड_सिस्टर
माझं मत बदललेलं नाही, पैसा आधी तपासणीला. पण मुली, रीतसर परवानगी काढून एक दिवस ओपीडीत ये. कुठल्या अवस्थेतले पेशंट येतात ते बघ, आणि मग मानेतल्या गाठींचं काय करणार ते मला सांग.